तांब्याची गोळी: आठ मासे, पाच गुंजा

२६ ऑगस्ट २०२३ च्या सकाळी मी माझं पहिलं हरिण मारलं. हे करायचं असं ठरवल्यापासून तिथवर पोचायला एकोणीस महिने लागले. डोंगरात मी त्यातले जेमतेम दहा दिवस होतो. बाकीचा सगळा वेळ वर्ग, परीक्षा, फॉर्म, वाट पाहणं आणि गॅरेजमधल्या टेबलावर काडतुसं भरणं यात गेला. आमच्या मंडळातल्या दोघातिघांनी विचारलं, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतोय.

हे सगळं कॅलिफोर्नियातलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि आपल्याकडच्या जंगलांची अवस्था पाहता ती असायलाच हवी असं माझं मत आहे. इथे कुठल्या विभागात किती टॅग (एकेका हरणाच्या शिकारीचे परवाने) द्यायचे हे दरवर्षी ठरतं आणि एका टॅगवर एकच नर मारता येतो. आम्ही घरी मांसाहारी आहोत. ताटातलं मांस कुठून येतं ते एकदा स्वतःच्या हातांनी करून बघावं, हे बरीच वर्षं मनात होतं.

सुरुवात झाली जानेवारी २०२२ मध्ये, पिनॅकल्स नॅशनल पार्कमध्ये. मुलीला घेऊन गेलो होतो. कड्यावरून एक प्रचंड पक्षी आमच्या डोक्यावरून सरकत गेला, पंखाला नंबराचा बिल्ला लावलेला. कॅलिफोर्निया कॉन्डोर, इथलं भलंमोठं गिधाड. १९८२ मध्ये जगात फक्त बावीस कॉन्डोर उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात आणला, तेव्हा एकूण सत्तावीस होते. पुढे पिंजऱ्यातल्या प्रजननातून वाढवलेले पक्षी १९९२ पासून पुन्हा रानात सोडायला लागले, पिनॅकल्समध्ये २००३ पासून. रानात त्यांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण आजही शिशाची विषबाधा आहे. शिकाऱ्याने हरिण सोलून आतडी-काळीज जागेवर टाकलं, की कॉन्डोर ते खातो, आणि शिशाच्या गोळीचे बारीक कण त्याच्या पोटात जातात. रायफलची गोळी आदळली की तिच्यातलं शिसं फुटून विखुरतं. मेलेल्या हरणाच्या एक्स-रेमध्ये असे शेकडो कण दिसतात, जखमेपासून वीतभर लांबसुद्धा.

मी महाडजवळचा. लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की गिधाडांचा थवा उतरायचा, ते आम्ही लांबून बघत बसायचो. दहावीला जाईपर्यंत गिधाडं दिसेनाशी झाली. कारण नंतर कळलं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्या मढ्यांतून त्यांच्या पोटात जात होतं. भारतात गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, पण तोवर बहुतेक पक्षी गेले होते. माणसाने मागे टाकलेल्या मांसातून मेलेली गिधाडं मी एकदा पाहिली आहेत. त्यामुळे गोळी कशाची हा प्रश्न माझ्यासाठी रायफल घेण्याच्या आधीच सुटला होता. कॅलिफोर्नियातही २०१३ मध्ये तसा कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून कुठल्याही वन्य प्राण्याच्या शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. कायदा नसता तरी मी तांबंच घेतलं असतं.

घरी विषय काढला तेव्हा बायकोने एकच विचारलं, "त्या मांसात शिसं राहतं म्हणतात. ते आपल्या पोरीच्या ताटात येणार नाही ना?" आणि फोनवर आई म्हणाली, "मारणारच असशील तर एका गोळीत मार रे. तडफडवू नकोस." पुढचे दीड वर्ष ही दोन वाक्यं माझ्याबरोबर होती.

मार्च २०२२ मध्ये हंटर एज्युकेशनचा कोर्स केला. आधी ऑनलाइन भाग, त्याचे तीसेक डॉलर. मग प्रत्यक्ष चार तासांचा वर्ग. वर्गाच्या जागा भराभर भरतात. मला पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, म्हणून ऑनलाइन भाग संपायची वाट न पाहता वर्गाची जागा आधी धरून ठेवा. वर्गात एक निवृत्त फॉरेस्टवाले आजोबा शिकवत होते. त्यांनी कुंपण ओलांडताना रायफल कशी ठेवायची हे प्रत्येकाकडून दोनदा करून घेतलं. सर्टिफिकेटशिवाय शिकारीचं लायसन्स मिळत नाही. लायसन्सचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं असतं. मी उत्साहात मेमध्ये घेतलं आणि ते दोन महिन्यांत संपलं. साठ डॉलरच्या आसपास गेले. तुम्ही जुलैपर्यंत थांबा.

रायफल घेण्याआधी फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. तीस प्रश्नांतले तेवीस बरोबर यायला हवेत. पंचवीस डॉलर फी, पाच वर्षं चालतं. दुकानातच परीक्षा घेतात. पुस्तिका एकदा नीट वाचली तर अवघड नाही.

मग फॉर्म ४४७३, बंदूक घेताना दुकानात भरायचा. मी ग्रीनकार्डवर आहे, त्यामुळे कार्डावरचा ए-नंबर भरावा लागला. कार्ड घरी विसरलो होतो, म्हणून एक शनिवार फुकट गेला. एच-वन व्हिसावर असाल तर थांबा. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार लायसन्स असेल तर अपवाद आहे, पण केवळ माझ्या या लिखाणावर विसंबून पाऊल उचलू नका, वकिलाला विचारा. यातली चूक इमिग्रेशनला भोवते.

रायफल कोणती, यावर मी फार डोकं खाजवलं नाही. माझ्या ऑफिसातला एक सहकारी, मूळचा आयडाहोचा, लहानपणापासून शिकार करणारा. या सगळ्यात तो माझा गुरूच. तो म्हणाला, .३०८ घे, हजार गोष्टी सोप्या होतील. १९५२ पासूनचं काडतूस, पुंगळ्या कुठेही मिळतात, धक्का सोसवतो, आणि इथल्या हरणाला पुरून उरतं. साडेसातशे डॉलरची साधी बोल्ट रायफल आणि तिच्यावर बसवायला साडेतीनशेची दुर्बीण घेतली. पैसे भरल्यावर दहा दिवस थांबावं लागतं, आणि ते तासांवर मोजतात. शनिवारी दुपारी तीनला सही केली असेल तर दहा दिवसांनी दुपारी तीनच्या आधी रायफल हातात मिळत नाही. तिसाव्या दिवसाच्या आत नेली नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

जुलैमध्ये आम्ही घर बदललं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काडतुसं घ्यायला गेलो, तर दुकानदाराने स्क्रीनकडे बघून मान हलवली. इथे काडतुसं घेतानाही तपासणी होते. तुमच्या नावावर रायफलची जी नोंद आहे तिच्याशी नाव, पत्ता, लायसन्स नंबर जुळला तर लगेच, तेव्हा एक डॉलरमध्ये. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवर नवा पत्ता, रायफलच्या नोंदीत जुना. नामंजूर. पत्ता ऑनलाइन बदलायचा अर्ज केला आणि वाट पाहत बसलो. दुसरा मार्ग म्हणजे एकोणीस डॉलरची सविस्तर तपासणी. ती केली, तिला सहा दिवस लागले. हंगाम १३ ऑगस्टला सुरू झाला तेव्हा माझ्याकडे एकही काडतूस नव्हतं. घर बदललंत तर गॅस-विजेच्या आधी ही नोंद बदला.

काडतुसं मिळाली तीही एकाच जातीची. २०२२ मध्ये दुकानांच्या फळ्याच रिकाम्या होत्या. .३०८ ची तांब्याची काडतुसं म्हणून जी दोन खोकी होती ती घेतली, वीस काडतुसांचे पासष्ट डॉलर. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, शंभर यार्डांवर पाच गोळ्या मारल्या, तर भोकं तीन इंचांत पसरलेली. काडतूस वाईट होतं असं नाही. प्रत्येक रायफलची आपली आवड असते, आणि माझ्या रायफलला ते आवडलं नाही. गुरूकडे त्याच खोक्यातली काडतुसं दीड इंचात जात होती.

त्या हंगामात चार दिवस डोंगरात गेलो. एकदा नर दिसला, दोनशे यार्डांच्या पलीकडे, झुडपांत अर्धा झाकलेला. तीन इंचांचा पसारा डोक्यात होता. मी चापावर बोटही ठेवलं नाही. परत येताना गाडीत गुरू म्हणाला, "आता स्वतः भरायला शीक."

काडतूस भरणं म्हणजे काय ते न माहीत असलेल्यांसाठी सांगतो. उडवून झालेली पितळी पुंगळी पुन्हा वापरता येते. ती डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून मूळ मापावर आणायची, बुडातला जुना प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) काढून नवा बसवायचा, मोजून बंदुकीची दारू घालायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. हाताने चालणारं प्रेस, डाय, काटा, कॅलिपर, पुस्तक असं सगळं मिळून साडेचारशे डॉलर लागले. पैसे वाचतात म्हणून हे करू नका, पहिली काही वर्षं वाचत नाहीत. हवी ती गोळी, हव्या त्या खोलीवर, हव्या त्या वेगाने, एवढ्यासाठी करा.

सामान जमवायलाच सप्टेंबर ते डिसेंबर गेले. गोळ्या पोस्टाने घरी येतात. दारू आणि प्रायमर मागवले तर धोकादायक मालाचा वीस-तीस डॉलरचा वेगळा आकार पडतो, म्हणून दोनचार जणांनी मिळून मागवलेलं बरं. प्रायमर तर मिळतच नव्हते. एका दुकानात माणशी शंभर, असा फळ्यावर खडूने लिहिलेला नियम होता. मी तीन शनिवार उघडायच्या वेळेला रांगेत उभा राहिलो, तिसऱ्या शनिवारी मिळाले.

गोळी निवडताना मात्र मजा आली. शिशाच्या गोळीत .३०८ ला दीडशे किंवा एकशे पासष्ट ग्रेन (गोळी तोलायचं माप) हे नेहमीचं वजन. मी तांब्यातही दीडशेच शोधत होतो. गुरूने थांबवलं. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब झाली की पुंगळीत जास्त घुसते, दारूची जागा खाते, आणि हवेत सरळ राहायला जास्त फिरकी मागते. शिवाय शिशाची गोळी लागल्यावर फुटते, वजन गमावते, म्हणून तिला मुळात जास्त वजन द्यावं लागतं. तांब्याची गोळी फुटत नाही, फुलासारखी उमलते आणि अख्खी राहते. पण उमलायला तिला वेग लागतो. मंद गेली तर सुईसारखी आरपार जाते, आणि मग जनावर जखमी होऊन लांब पळतं. म्हणून तांब्यात एक पायरी हलकी गोळी घ्यायची आणि ती वेगात पाठवायची. मी एकशे तीस ग्रेन घेतली, बार्न्सची टीटीएसएक्स. अख्ख्या तांब्याच्या शिकारी गोळीची वाट याच कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुळवली. पन्नासचं खोकं अठ्ठेचाळीस डॉलरला.

पहिलं खोकं उघडून एक गोळी तळहातावर घेतली. तांब्याच्या नव्या गडव्यासारखा रंग, टोकाला निळं प्लास्टिक, अंगावर बारीक खाचांची कडी. खाचांमुळे नळीत घर्षण कमी होतं. आणि वजन? ग्रेन हे माप मला परकं वाटत होतं, तोवर एक गोष्ट आठवली. काकांची महाडला सराफी पेढी होती. सुट्टीत मी तिथे बसायचो. इंग्रजांनी तोळा ठरवला तो बरोबर एकशे ऐंशी ग्रेनचा. म्हणजे तोळ्याच्या बारा माशांतला एक मासा पंधरा ग्रेन, आणि माशाच्या गुंजा आठ. माझी गोळी आठ मासे आणि पाच गुंजांच्या वर थोडी. त्या दिवसापासून पुस्तकातले आकडे मला हाताला समजायला लागले.

काकांची आठवण आणखी एका कारणाने आली, आणि ते कारण चांगलं नव्हतं. जानेवारी २०२३, बाहेर धो धो पाऊस. त्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियात वादळामागून वादळ येत होतं. गॅरेजमध्ये थंडी होती म्हणून मी काटा घरातल्या टेबलावर आणला आणि तीस पुंगळ्यांत दारू भरून गोळ्या बसवल्या. एकतिसावी मोजताना काट्याची दांडी एकदम खाली गेली, मग आपोआप वर आली. मी हात लावला नव्हता. दोन मिनिटं बघत राहिलो. टेबलाशेजारी जमिनीत हीटरची जाळी होती. हीटर सुरू झाला की गरम हवेची झुळूक पारड्याखालून जायची.

काका सोनं तोलताना आधी पंखा बंद करायचे. उन्हाळा असो, गिऱ्हाईक घामाघूम होवो, पंखा बंद. मग काचेच्या पेटीचं दार लावायचे, मग काटा स्थिर होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं आणि त्या रात्री मला ते सुचलं नाही. तीस काडतुसांतल्या कुठल्यात किती दारू गेली याची आता खात्री नव्हती. दारू थोडी जास्त झाली तर दाब वाढतो, रायफल फुटू शकते, डोळा जाऊ शकतो. तीसच्या तीस काडतुसं खोलली. त्यासाठी प्लास्टिकचा हातोडा मिळतो, त्यात काडतूस अडकवून फरशीवर आपटायचं की गोळी सुटून येते. दोन तास लागले. बायको वरून दोनदा खाली बघून गेली. आता काटा गॅरेजमध्येच आहे, तीन बाजूंनी पुठ्ठ्याच्या आडोशात.

दारूचं वजन मी इथे मुद्दाम लिहीत नाही. कोणी लिहिलेलं असलं तरी ते उचलू नका. ज्या कंपनीची गोळी त्यांचंच पुस्तक घ्या, तुमच्या नेमक्या गोळीचं पान काढा, सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू करा आणि थोडं थोडं चढा. पुंगळीच्या बुडावर चकाकणारा डाग, बोल्ट उघडायला जड जाणं, प्रायमर चपटा होणं, यातलं काही दिसलं की तिथेच थांबा. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. फोन दुसऱ्या खोलीत. गोळ्या बसवायच्या आधी सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चने आत बघा, दारूची पातळी सगळ्यांत सारखी दिसली पाहिजे. डोळ्यांवर चष्मा, काम झाल्यावर हात साबणाने. मी रात्री जेवणानंतर भरत नाही. दमलेला असतो.

फेब्रुवारीत पहिली चाचणी. पुन्हा पावणेतीन इंच! मी अक्षरशः रडकुंडीला आलो. एवढं करून फॅक्टरीच्या काडतुसापेक्षा पाव इंचच कमी. चूक माझ्या वाचनात होती. शिशाच्या गोळ्यांबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं की गोळी नळीतल्या आट्यांना जवळजवळ टेकेल अशी बसवली की नेम सुधारतो. मी तसंच केलं होतं. तांब्याला उलट मोकळीक लागते. आट्यांपासून इंचाच्या पन्नास सहस्रांश मागे, म्हणजे सव्वा मिलिमीटर, इथून सुरुवात करा असं गोळीवाल्यांचंच म्हणणं आहे. दुसरं म्हणजे नळी. आधीच्या गोळ्यांचं तांबं नळीत माखलेलं असताना नव्या गोळीची परीक्षा घेऊ नये. मी दोन संध्याकाळी बसून नळी घासली. चिंध्या निळ्या येत होत्या, म्हणजे तांबं निघतंय. पांढऱ्या यायला लागल्या तेव्हा थांबलो.

मार्चमध्ये दुसरी चाचणी. सव्वा मिलिमीटर मागे, बाकी सगळं तेच. पाच गोळ्या, एक पूर्णांक दोन इंच. एका हाताच्या पंजाखाली सगळी भोकं झाकली. वेगमापकावर सेकंदाला २,९०० फुटांच्या आसपास. पुस्तकातल्या वरच्या आकड्यापर्यंत मी गेलोच नाही. तिथे पोचायच्या आधीच रायफलने हवं ते दिलं होतं. त्याच मापाची साठ काडतुसं भरली, डब्यावर तारीख, गोळी, दारू, खोली लिहिली आणि हात थांबवला. रेंजचे दिवसाला वीस डॉलर व्हायचे. एप्रिल ते जुलै दर दुसऱ्या रविवारी गेलो, पण टेबलावरून मारणं बंद केलं. बसून, गुडघ्यावर कोपर टेकून, पाठपिशवीवर ठेवून. डोंगरात टेबल नसतं. दीडशे यार्डांच्या आत, बसून, मी दहापैकी दहा गोळ्या सहा इंचांच्या ताटलीत ठेवू शकतो हे जूनमध्ये कळलं. तेव्हाच ठरवलं, दीडशेच्या पलीकडे नाही.

टॅग ए झोनचा घेतला. किनाऱ्यालगतचा मोठा विभाग आहे आणि तिथला टॅग मिळायला चिठ्ठी लागायची वाट पाहावी लागत नाही, म्हणून नवख्याला बरा. नर हवा आणि शिंगाला निदान दोन टोकं फुटलेली हवीत. निघायच्या आदल्या रात्री सगळे खिसे, पिशव्या, गाडीचा कप्पा झटकून पाहिला. शिकारीच्या वेळी त्या रायफलमध्ये चालणारी शिशाची गोळी नुसती जवळ असणंही गुन्हा आहे, आणि रेंजवर मी कधीकधी स्वस्त शिशाची काडतुसं वापरतो. काडतुसं स्वतः भरलेली असतील तर गोळ्यांचं मूळ खोकं बरोबर ठेवा. वॉर्डनने, म्हणजे वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याने, विचारलं तर ही शिसेमुक्त म्हणून प्रमाणित आहे हे दाखवता येतं.

२०२३ चा हंगाम १२ ऑगस्टला सुरू झाला. पहिले दोन शनिवार-रविवार काही नाही, नुसतं ऊन आणि पॉयझन ओकच्या झुडपांची खाज. आम्ही सॅन बेनिटो काउंटीतल्या सरकारी जमिनीवर जात होतो. पिनॅकल्सचे डोंगर तिथून दिसतात. पार्कात शिकार चालत नाही, पण कॉन्डोरला हद्द कुठे माहीत असते.

२६ तारखेला पहाटे चारला गाडीतून उतरलो. उजाडता उजाडता एका सोंडेवर बसलो. सातच्या सुमाराला समोरच्या उतारावर दोन माद्या आल्या, आणि त्यांच्या मागून नर, दोन टोकांचा. गुरूने अंतर मोजून हळूच सांगितलं, "एकशे चाळीस." नर तिरका उभा होता, मान खाली. पाठपिशवीवर रायफल ठेवली. छाती एवढी धडधडत होती की दुर्बिणीत हरिण हलत होतं. तीन श्वास सोडले. चौथ्याला आईचं वाक्य आठवलं आणि हात शांत झाला. चाप ओढला. तो चाळीसेक पावलं धावला आणि आडवा झाला.

गुरू म्हणाला, पंधरा मिनिटं इथेच बस. बसलो. पोटात कालवत होतं. आनंद होता का, तर होता, पण त्याच्याखाली जड काहीतरी होतं, आणि ते अजून पूर्ण गेलेलं नाही. जवळ गेलो तेव्हा त्याचा डोळा उघडा होता आणि त्यात आभाळ दिसत होतं. मी त्याच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ बसलो. अंग अजून गरम होतं.

टॅग तिथल्या तिथे भरून शिंगाला बांधावा लागतो, पेन विसरू नका. मग सोलणं. ऑगस्टच्या उन्हात मांस तासाभरात खराब व्हायला लागतं, म्हणून गाडीत पन्नास किलो बर्फ आदल्या रात्रीच भरलेला होता. दोघांनी दोन खेपांत खाली आणलं. मागे आतडी राहिली. आम्ही दुसऱ्या खेपेला वर गेलो तोवर डोमकावळे उतरले होते आणि वर तीन टर्की गिधाडं घिरट्या घालत होती. कॉन्डोर त्या दिवशी दिसला नाही. पण आला असता तरी त्याला खाता येईल असंच आम्ही मागे ठेवलं होतं.

वाटेत एका अग्निशमन केंद्रावर थांबून टॅगवर साक्षीची सही घेतली. हे अनेकांना माहीत नसतं. हरणाचा टॅग अधिकृत माणसाने सही केल्याशिवाय पुरा होत नाही, आणि पूर्णवेळ अग्निशामक ती सही केंद्रावर करू शकतो. नोटरीही चालतो. केंद्रावरच्या अग्निशामक मुलीने शिंगं बघितली, तारीख तपासली, सही केली, दोन मिनिटं. शिंगांसह डोक्याचा भाग हंगाम संपल्यानंतरही पंधरा दिवस जपून ठेवावा लागतो. आमच्या फ्रीझरचा एक कप्पा त्यात गेला. आणि शिकारीचा अहवाल तीस दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो. मी रविवारी रात्रीच भरला.

या सगळ्यात आणखी एक सांगायचं राहिलं. रेंजची पिशवी प्रवासाला कधीही वापरू नका. भारतातल्या विमानतळावर सामानात एक विसरलेलं काडतूस सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो. माझी पिशवी लाल रंगाची आहे आणि ती गॅरेजच्या बाहेर जाते ती फक्त रेंजवर.

पुढचा खांदा कापताना सुरी कशाला तरी लागली. पलीकडच्या बाजूला, कातडीच्या आत, गोळी सापडली. तिरका नेम होता म्हणून सबंध अंग पार करून ती तिथे थांबली होती. धुतली. निळं टोक गेलेलं, पुढचा भाग चार पाकळ्यांत उमललेला, पाकळ्या मागे वळलेल्या, बूड जसंच्या तसं. मुलगी शेजारी उभी होती. दोघं गॅरेजमध्ये गेलो, पुठ्ठ्याचा आडोसा नीट केला, दार लावलं आणि गोळी पारड्यात ठेवली. काटा थांबायला बराच वेळ लागला, ती श्वास रोखून बघत होती. एकशे अठ्ठावीस पूर्णांक सहा ग्रेन. मी ते वहीत लिहिलं, २६ ऑगस्टच्या ओळीत, आणि वर जाऊन बायकोला आकडा सांगितला.